सार्जंटला काढायचं, की शिकवायचं? एका शालेय एनसीसी ट्रूपचं प्रकरण

तालुक्याच्या गावातली शाळा. एनसीसीचा ज्युनिअर ट्रूप, मुलं-मुली मिळून. पहिल्या वर्षाला आठवीची, दुसऱ्या वर्षाला नववीची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा. ट्रूप सांभाळतात गणिताचे सर. ते कामठीच्या अकादमीत प्रशिक्षण घेऊन थर्ड ऑफिसर झालेले, म्हणजे एनसीसीच्या भाषेत एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर). परेडच्या दिवशी बटालियनकडून एक हवालदार येतात, त्यांना मुलं उस्ताद म्हणतात. मुलांमधला सगळ्यात वरचा तो सार्जंट. नववीतला, उंचापुरा, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाला सायकल लावणारी पोरंही ताठ व्हावीत.

डिसेंबरच्या मध्यावर सरांनी हजेरीपत्रक काढलं ते वेगळ्याच कारणासाठी. परीक्षेला बसायचं तर परेडची ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून नववीची बेरीज करायची होती. ती ठीक निघाली. पण पान उलटताना आठवीच्या रकान्यांकडे लक्ष गेलं. दिवाळीपर्यंत भरगच्च असलेली हजेरी त्यानंतर दर शनिवारी थोडी थोडी गळत चालली होती. आजारी, लग्न, क्लास, गावाला गेला. कारणं सगळी खरी वाटणारी. फक्त ती सगळी शनिवारीच येत होती.

उलगडा झाला तो एका आईमुळे. सोमवारी मधल्या सुट्टीत त्या आल्या.

"सर, भांडायला नाही आले मी. त्याचं नाव तेवढं एनसीसीतून काढून टाका."

"काय झालं, ताई?"

"शुक्रवारी संध्याकाळपासून त्याच्या पोटात दुखायला लागतं. शनिवारी दुपारी आपोआप थांबतं."

मुलाच्या कोपराला खरचटलेलं होतं. घरी त्याने सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं होतं. सरांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं तरी तो काही बोलला नाही. बोलली ती त्याच्या रांगेतली मुलगी. आदल्या शनिवारी 'पीछे मुड़'वर, म्हणजे जागच्या जागी पाठीमागे वळण्याच्या हुकुमावर, आठवीचा स्क्वाड (कवायतीची छोटी तुकडी) तीनदा चुकला. चौथ्या वेळी सार्जंटने सगळ्यांना मैदानाच्या कडेच्या खडीवर फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, मारायला लावले. उस्ताद तेव्हा नववीच्या रायफलच्या तासाला होते आणि सर ऑफिसात कागद भरत होते.

इथवरची हकीकत मला सरांनी फोनवर सांगितली. मी पूर्वी दुसऱ्या शाळेत ट्रूप सांभाळत असे, म्हणून त्यांनी "एकदा येऊन बघा" म्हटलं. त्यामुळे पुढचं काही पाहिलेलं आहे, काही ऐकलेलं. शाळेचं आणि माणसांची नावं गाळली आहेत.

दोन मतं आणि दोन्हींत एक समान गृहीत

मुख्याध्यापिका बाईंचं मत स्वच्छ होतं: आजच्या आज त्याच्या फिती, म्हणजे पदाची चिन्हं, काढा. त्यांच्या बाजूने कायदाही होता. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं, आणि शिक्षा शिक्षकाऐवजी नववीतल्या पोराने केली म्हणून शाळा त्यातून सुटत नाही. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातला व्हिडिओ देशभर फिरलेला त्यांना आठवत होता. भर पावसात, चिखलात ओणव्या कॅडेटना एक सीनियर कॅडेट काठीने मारत होता. "आपल्याकडे खडी आहे, तिथे काठी होती, एवढाच फरक," बाई म्हणाल्या. मला ते अतिशयोक्तीचं वाटलं नाही.

उस्तादांचं मत वेगळं. शिक्षेच्या अशा कष्टाला ते रगडा म्हणतात. "साहब, रगड़ा तो हमने भी खाया है। उसी से तो बने हैं।" आणि त्याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट: २६ जानेवारीला तालुक्याच्या मुख्य ध्वजारोहणाला याच ट्रूपचा प्लॅटून, म्हणजे संचलनाची तुकडी, उभा राहणार होता. पाहुण्यांसमोर तो चालवायला दुसरं कोण आहे?

सर या दोघांच्या मधे अडकले होते. मला मात्र त्या दोन मतांत एक समान गृहीत दिसत होतं. दोघांच्याही मते प्रश्न एका मुलाच्या स्वभावाचा होता. बाईंना तो स्वभाव नको होता, उस्तादांना तो चालत होता. आठवीच्या स्क्वाडला 'पीछे मुड़' का येत नाही, हे कोणीच विचारत नव्हतं. दोन महिने दर शनिवारी केलेली हालचाल येत नसेल तर सगळा स्क्वाड मठ्ठ आहे असं मानायचं, नाहीतर शिकवण्यात काहीतरी चुकतंय असं मानायचं. तिसरी शक्यता मला तरी दिसत नव्हती.

मैदानावर काय दिसलं

पुढच्या शनिवारी मी कडेला उभं राहून पाहिलं. सर आणि उस्ताद दोघंही मैदानावर होते, त्यामुळे शिक्षा वगैरे काही झाली नाही. पण बाकी सगळं नेहमीसारखंच चाललं असावं.

फॉल इन, लंबा दाहिने छोटा बाएं, तीन रांगा, दाहिने सज. इथवर छान. मग सार्जंट स्क्वाडसमोर आला आणि वर्ड ऑफ कमांड दिला. दिला म्हणजे फेकला: "स्क्वाडपीछेमुड़!" एका दमात. आठवीतली निम्मी मुलं 'पीछे'वरच फिरायला लागली, उरलेली शेजाऱ्याला बघून फिरली. बुटांचा एक ठोका ऐकू यायला हवा तिथे पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज आला. सार्जंट ओरडला, "जैसे थे!" आणि तेच पुन्हा, आणखी मोठ्याने.

कमांडचे दोन भाग असतात. पहिला सावध करतो, दुसऱ्यावर कृती होते, आणि मधे थांबायचं असतं. 'पीछे' ऐकलं की काय करायचंय ते डोक्यात येतं, वजन सावरलं जातं; 'मुड़' ऐकलं की अंग फिरतं. या मुलाच्या कमांडमध्ये ती मधली जागाच नव्हती. एनसीसीत चांगल्या वर्ड ऑफ कमांडचे गुण शिकवतात त्यांत आवाजाचा दणका हा एकच गुण आहे. स्पष्टपणा, स्वराची पट्टी आणि नेमकी वेळ हे बाकीचे. त्याला पहिला गुण जन्मजात मिळाला होता, म्हणून उरलेल्यांबद्दल त्याला कोणी काही बोललंच नव्हतं. वार्षिक कॅम्पात त्याचं कौतुक झालं तेही आवाजाचंच.

नववीचा स्क्वाड हीच कमांड बिनचूक पाळत होता, हे कोडंही तिथेच सुटलं. ती मुलं वर्षभर त्याच्याबरोबर उभी राहिली होती. तो खांदे उचलतो तेव्हा 'मुड़' येणार, हे त्यांना पाठ झालं होतं. आठवीला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचीच त्यांना शिक्षा मिळत होती.

परेड सुटल्यावर सरांनी सार्जंटला बोलावलं. मी शेजारी बसलो. तो सावधानमध्ये उभा राहिला, विश्राम म्हटल्यावर विश्राममध्ये. चेहऱ्यावर भीतीपेक्षा अन्याय झाल्याचा भाव जास्त.

"तुला पीछे मुड़ कोणी शिकवलं?"

"कोणी नाही सर."

"मग आलं कसं?"

"रगडा खाऊन आलं, सर."

यात उर्मटपणा नव्हता. तो खरंच माहिती देत होता. त्याच्या पहिल्या वर्षी त्याच्या सार्जंटने जे केलं तेच तो करत होता, आणि त्याच्या समजुतीत तीच शिकवण्याची पद्धत होती. उस्तादांनी त्याला कमांड द्यायला शिकवलं होतं. शिकवायला कोणी शिकवलं नव्हतं. मला या प्रकरणाचं मूळ इथे दिसतं. शाळेतल्या ट्रूपमध्ये फिती उंचीवर आणि आवाजावर मिळतात, आणि फिती मिळाल्या की नेतृत्व आलं असं धरलं जातं.

ऑफिसच्या भिंतीवर एनसीसीच्या शिस्तीची चार सूत्रं लावलेली होती, जशी बहुतेक एनसीसी ऑफिसांत असतात: हसतमुखाने आज्ञा पाळा, वक्तशीर राहा, गाजावाजा न करता कष्ट करा, सबबी सांगू नका आणि खोटं बोलू नका. चारही चांगलीच. पण नीट वाचलं तर चारही आज्ञा घेणाऱ्यासाठी आहेत. आज्ञा देणाऱ्याने कसं वागावं याबद्दल त्या तक्त्यावर काही नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात पोरांचा स्क्वाड देताना नेमकी तीच गोष्ट सांगायची राहते.

थोडं मागे जाऊन

ड्रिल म्हणजे आंधळं आज्ञापालन, असं म्हणणारे आणि तसं म्हणून तिचा अभिमान बाळगणारे, दोघंही तिचा इतिहास विसरतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये तिथला सेनापती मॉरिस ऑफ नासाऊ याने बंदूक भरण्याची किचकट कृती सुट्या टप्प्यांत तोडली आणि प्रत्येक टप्प्याला एक हुकूम दिला, तो नवख्या माणसाला ती शिकता यावी म्हणून. आपले उस्ताद 'गिनती से' (एक-दो मोजत, टप्प्याटप्प्याने) म्हणतात ती याच पद्धतीची नात. पुढे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ मध्ये, व्हॅली फोर्जच्या छावणीत प्रशियाहून आलेल्या फॉन श्टॉयबेनने अमेरिकी सैन्याला कवायत शिकवली. तोवर तिथले अधिकारी हे काम ब्रिटिश रिवाजाप्रमाणे सार्जंटांवर सोडत. श्टॉयबेन स्वतः मैदानात उतरला, एक नमुना तुकडी हाताने तयार केली आणि तिच्याकडून पुढच्यांना शिकवून घेतलं. हे सैनिक 'का' हे कळल्याशिवाय करत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याने ते सांगण्यात कमीपणा मानला नाही.

हे मी उस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक है साहब, पर छब्बीस जनवरी को टाइम कम है।" त्यांचं मत बदललं ते इतिहासाने नव्हे. ते पुढे येईल.

काय ठरलं

सरांनी जे ठरवलं त्यातलं बहुतेक मला पटलं, एक गोष्ट पटली नाही.

पहिली गोष्ट, प्रकरण लिहून ठेवलं. बाईंनी शाळेच्या नोंदवहीत घटना लिहिली, आईला काय केलं ते कळवलं, बटालियनला पत्र गेलं. याला उस्तादांचा थोडा विरोध होता. "घर की बात घर में" असा सूर होता. पण लिहिल्याशिवाय पुढच्या वर्षीचा सार्जंट पुन्हा शून्यापासून सुरू करेल, आणि पालकांच्या दृष्टीने शाळेने प्रकरण दाबलं असं होईल. इथे बाई ठाम राहिल्या ते योग्यच झालं.

दुसरी, शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही कॅडेटला नाही, हे फॉल इनमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चुकलं तर 'जैसे थे' आणि पुन्हा नमूना, म्हणजे करून दाखवणं. तरीही जमलं नाही तर कॅडेटला बाजूला काढून उस्तादांकडे पाठवायचं. बस्स.

तिसरी, सार्जंटच्या फिती राहिल्या, पण २६ जानेवारीचा प्लॅटून त्याच्याकडे राहील की नाही हे १५ जानेवारीला ठरेल, आणि ते त्याच्या आवाजावर नव्हे तर त्याने शिकवलेल्या स्क्वाडवर ठरेल. आठवीचे आठ-आठ जणांचे छोटे स्क्वाड पाडले. प्रत्येकावर नववीचा एक कॅडेट. सार्जंटला मुद्दाम सगळ्यात कच्चा स्क्वाड दिला.

चौथी, माफी. फ्रंट रोल सगळ्यांसमोर मारायला लावले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. तो सावधानमध्ये उभा राहून दोन वाक्यं बोलला आणि मागे गेला. पाठ केल्यासारखी होती. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, आणि सरांनीही भाषण केलं नाही. बरं झालं.

जी गोष्ट मला पटली नाही ती ही: कोपर खरचटलेला मुलगा सरांना सार्जंटच्याच स्क्वाडमध्ये ठेवायचा होता. "समोरासमोर होऊन जाऊ दे, दोघांचं मन साफ होईल," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मोठ्याला सुधारायची संधी द्यायची म्हणून लहानाला पणाला लावायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ज्याच्या पोटात दुखतं त्याच्यावर तो प्रयोग नको. शेवटी मुलालाच विचारलं. तो म्हणाला, लान्स कॉर्पोरल (सार्जंटच्या खालची एक श्रेणी) ताईच्या स्क्वाडमध्ये जातो. विषय संपला. खरं तर हे आधीच विचारायला हवं होतं.

शिकवायला शिकवणं

आता कामाचा भाग. नववीच्या स्क्वाड लीडरांना एका बुधवारी शाळा सुटल्यावर थांबवून उस्तादांनी फक्त एकच गोष्ट शिकवली: 'पीछे मुड़' स्वतः कसं करायचं ते सोडून, दुसऱ्याला कसं शिकवायचं ते.

क्रम फौजेतला, जुनाच. आधी नमूना, पूर्ण वेगात, एकदाच, न बोलता. मग तोच नमूना गिनती आणि बयानसह, म्हणजे तोडून आणि सांगून. मग "किसी को कोई शक?" आणि उत्तरासाठी खरोखर थांबायचं. मग स्क्वाडने गिनतीवर करायचं, मग बिनगिनतीचं. चुकला तर त्याला एकट्याला, लगेच, पुन्हा संधी.

'पीछे मुड़' तोडलं की दोनच तुकडे पडतात. 'एक'वर उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा पंजा यांवर उजवीकडून १८० अंशांत फिरायचं. फिरून झाल्यावर उजवा पाय पुढे, वजन त्याच्यावर, डावा मागे, टाच उचललेली, हात शिवणीला चिकटलेले. इथे थांबायचं. 'दो'वर डावा पाय उचलून उजव्याच्या शेजारी आणायचा, टाचा जुळलेल्या, पंज्यांत ३० अंशांचा कोन. बस, एवढंच.

पण शिकवताना मजा कळते ती 'एक' आणि 'दो' यांच्या मधल्या थांब्यात. नवखं मूल फिरतं आणि हलतं, कारण वजन मागच्याच पायावर राहिलेलं असतं. मग तोल सावरायला हात शिवणीपासून सुटतात, नजर खाली बुटाकडे जाते, आणि 'दो'वर पाय आपटताना सगळं अंग पुढे झुकतं. लांबून बघणाऱ्याला तीन चुका दिसतात: हात, नजर, झुकणं. सार्जंट इतके दिवस त्या तीन चुकांवर ओरडत होता. चूक एकच होती, वजनाची. उस्तादांनी ते एका मुलाला 'एक'वर थांबवून दाखवलं. "हाथ मत देखो। एड़ी देखो।" मागची टाच जमिनीला टेकलेली असेल तर वजन मागे आहे, उचललेली असेल तर पुढे आलंय. टाच सुधारली की हात आपोआप जागेवर गेले. नववीची पोरं खाली बसून टाचा बघू लागली. सार्जंटही बसला. त्याच्या तोंडून नकळत निघालं, "अरेच्चा."

दुसरा अडथळा डाव्या-उजव्याचा. आठवीतल्या काही मुलांचा कमांडच्या दडपणाखाली खरंच गोंधळ होतो, त्यात मठ्ठपणा नसतो. एका लान्स कॉर्पोरलने यावर साधी युक्ती केली: कमांडच्या आधी "सलामीचा हात कुठला?" असं विचारायची. मुलं उजवी मूठ किंचित आवळायची, मग कमांड. दोन शनिवारांनंतर विचारायची गरज उरली नाही.

दुरुस्ती करण्याचे नियम सरांनी घालून दिले. चुकीला नावं ठेवायची नाहीत, काय करायचं ते सांगायचं: "ढिला आहेस" नव्हे, "कोपर मागे घे." एका वेळी एकच चूक. अंगाला हात लावायचा तर विचारून. आणि दहा मिनिटांच्या वर सलग नाही. विश्राम द्यायचा, पाणी प्यायला सोडायचं. शेवटचा नियम उस्तादांना सुरुवातीला लाड वाटला.

सार्जंटचं स्वतंत्र काम होतं ते मधल्या जागेचं. उस्तादांनी त्याला स्क्वाडकडे पाठ करून, डोळे मिटून उभं केलं आणि कमांड द्यायला लावली. "स्क्वाड… पीछे…" इथे मनात दोन मोजायचे, मग "मुड़." आणि ऐकायचं. बघायचं नाही, फक्त ऐकायचं. एक ठोका की अनेक? पहिल्या काही वेळा तो मोजायला विसरला आणि मागे तोच खड्यांचा आवाज. मग एकदा त्याने नीट थांबून 'मुड़' म्हटलं आणि मागे आठ जोड बुटांचा जवळजवळ एक ठोका पडला. त्याने डोळे उघडून वळून पाहिलं. त्याला वाटलं नववीच्यांना आणून उभं केलं. कच्च्या स्क्वाडमधली तीच मुलं होती.

उस्तादांचं मत बदललं ते या आवाजाने. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी पाण्याच्या सुट्टीबद्दल तक्रार केली नाही.

जे जमलं नाही

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. एक लान्स कॉर्पोरल इतका मऊ निघाला की त्याच्या स्क्वाडमध्ये निम्मा वेळ गप्पा. शिक्षा नाही याचा अर्थ त्याने शिस्तच नाही असा घेतला. त्याला उस्तादांनी एक गोष्ट शिकवली, सावधानमध्ये कोणी हललं की पुढची कमांडच द्यायची नाही, गप्प उभं राहायचं. त्याला ते पुरलं नाही. त्याचा स्क्वाड शेवटपर्यंत ढिला राहिला.

दुसरा एक जण सगळ्यांसमोर नियम पाळायचा आणि पाण्याच्या टाकीमागे उठाबशा काढायला लावायचा. कळल्यावर त्याची फीत त्याच दिवशी गेली. सार्जंटला सवलत आणि याला नाही, हा अन्याय नाही का, असं नववीच्या मुलांनी विचारलं. मला तो प्रश्न रास्त वाटला. सरांचं उत्तर असं की नियम वाचून दाखवण्याआधी आणि नंतर यात फरक आहे. सगळ्यांना पटलं नाही, पण त्यांनी उत्तर दिलं, टाळलं नाही.

हजेरी बऱ्यापैकी परत आली, पूर्ण नाही. दोन मुली आल्याच नाहीत. त्यांच्या घरी सर स्वतः जाऊन आले, पण त्यांनी आरएसपीत (शाळेतल्या रस्ता सुरक्षा दलात) नाव घातलं होतं आणि तिथे त्या खूश होत्या. तो मुलगा राहिला. शुक्रवारच्या पोटदुखीचं पुढे काय झालं ते त्याच्या आईलाच ठाऊक. त्या परत आल्या नाहीत एवढं खरं.

ड्रिलची तफावतही सांगायला हवी. जानेवारीत छोट्या स्क्वाडचा वेळ प्लॅटूनच्या सरावातून कापला गेला होता. गेल्या वर्षी याच सुमारास प्लॅटून महिनाभर एकत्र चालत होता. यंदा जेमतेम दोन आठवडे. उस्तादांची काळजी अनाठायी नव्हती.

२६ जानेवारी

सार्जंटला प्लॅटून मिळाला. त्याचा स्क्वाड १५ तारखेला चार स्क्वाडांत दुसरा आला, आणि सर्वांत कच्च्या पोरांवर दुसरा नंबर म्हणजे पुरेसं, असं सरांनी धरलं.

ध्वजारोहण, निरीक्षण, संचलन. 'खुली लाइन चल', म्हणजे रांगांमधलं अंतर वाढवणं, स्वच्छ गेलं. पाहुणे रांगांमधून फिरले, एका मुलीचा बेरेट बघून थांबले, पुढे गेले. संचलनात 'दाहिने देख'वर सगळ्यांच्या माना एकदम वळल्या आणि उजव्या टोकाचा मार्कर, ज्याच्यावरून रांग सरळ राहते तो, नियमाप्रमाणे समोर बघत राहिला. तो मार्कर पहिल्या वर्षाचा होता. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात आठवीच्या मुलाला मार्कर करायचं, हे सार्जंटनेच सुचवलं होतं, कारण विचारलं तर म्हणाला, "तो सरळ चालतो, सर."

'थम'वर, म्हणजे थांबण्याच्या हुकुमावर, मात्र दोन ठोके पडले. मागची रांग अर्ध्या पावलाने उशिरा थांबली. पाहुण्यांच्या लक्षात आलं नाही, पालकांच्याही नाही. उस्तादांच्या आलं. गेल्या वर्षी एकच ठोका पडला होता, हे त्यांनी सरांना सांगितलं, आणि ते खरं होतं. एका दिवसाच्या संचलनाच्या मापाने बघितलं तर हा ट्रूप गेल्या वर्षीपेक्षा थोडा कमी पडला. मला तो सौदा परवडणारा वाटतो. उस्तादांना अजून पूर्ण वाटत नाही.

सार्जंटचं म्हणाल तर तो काही मृदू वगैरे झाला नाही. अजूनही चिडतो, अजूनही आवाज चढतो. फक्त आता चढलेल्या आवाजात तो टाचेबद्दल बोलतो.

पुढचा सार्जंट

फेब्रुवारीत 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा झाली की नववी मोकळी होते आणि आठवीतून नवे लीडर निवडायचे असतात. इथे सरांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते एका मुलापुरतं उरत नाही.

आजवर निवड अशी व्हायची: सगळ्यांना रांगेत उभं करून प्रत्येकाकडून 'सावधान, विश्राम' म्हणून घ्यायचं आणि ज्याचा आवाज लांब जाईल त्याला फिती. यंदा सरांनी इच्छुकांना प्रत्येकी सहा मुलं दिली, एनसीसीत नसलेली, सातवीची. हालचाल एकच: कदम ताल (जागच्या जागी पावलं टाकणं) आणि थम. वेळ दहा मिनिटं. गुण उमेदवाराच्या ड्रिलला नाहीत. दहा मिनिटांनी ती सहा मुलं कसं करतात, त्याला. शिवाय त्या सहा जणांना नंतर एकच प्रश्न: पुन्हा याच्याकडून शिकायला येशील का?

सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा चौथा आला. पहिली आली एक बारीक आवाजाची मुलगी. तिने पहिली दोन मिनिटं काहीच कमांड दिली नाही. सहा जणांना नुसतं जागच्या जागी चालायला लावलं आणि कोणाचा पाय कुठे चुकतो ते बघितलं. मग ज्याची लय पक्की होती त्याला मधे उभं केलं आणि बाकीच्यांना त्याचा आवाज ऐकायला सांगितला. दहाव्या मिनिटाला सहांपैकी पाच जण एकत्र थांबले.

उस्तादांनी हरकत घेतली, आणि हरकत योग्य होती. मैदान मोठं आहे, वारा असतो, प्लॅटूनच्या मागच्या रांगेपर्यंत तिचा आवाज पोचणार नाही. कमांड ऐकूच आली नाही तर शिकवणं काय कामाचं? सरांनी विचारलं, आवाज शिकवता येतो की नाही? उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, येतो, पण घशातून नाही, पोटातून काढावा लागतो, आणि त्याला तीन-चार महिने लागतात. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत तेवढा वेळ होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी सकाळी तिचा आणि तिच्याबरोबर आणखी दोघांचा आवाज घेण्याचं काम उस्तादांनी स्वतःकडे घेतलं. फिती जूनमध्ये, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकल्यावरच द्यायच्या, अशी त्यांची अट होती. सरांनी ती मान्य केली.